सतरा दिवसांचा उशीर

३० एप्रिल

ताई,

आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग कागद फाडून नवा घेतला. आठ वर्षं ज्याने तुझ्या दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला नाही, त्याने एकदम तीर्थरूप लिहिलं तर तू हसशील. फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस. म्हणून पत्र.

पैसे काल पोचले. पूर्ण पोचले. कुठून उभे केलेस ते विचारत नाही, हातातल्या बांगड्या गेल्या असणार एवढं कळतं मला. बाळाचं वजन वाढतंय का? दीड किलोचं लेकरू म्हणजे जिवाला घोर. तू लेकीजवळून हलू नकोस. इथलं मी बघतो.

कोर्टाचा कागद तुला पाठवलाय, पण तो वाचून डोकं दुखेल, म्हणून साध्या भाषेत सांगतो. खालच्या कोर्टाने दुकानाच्या जागेच्या मालकाच्या बाजूने निकाल दिला, की दुकान खाली करा आणि तीन वर्षांचं वाढीव भाडं द्या. आपण वर अपील केलं. वरच्या कोर्टाने ९ एप्रिलला हुकूम दिला, की अपील ऐकू, तोवर दुकानाला कुणी हात लावायचा नाही, पण वाढीव भाड्याची सगळी रक्कम सहा आठवड्यांत कोर्टात जमा करायची. नाही केली, तर अपील फेटाळलं असं समजायचं. सहा आठवडे म्हणजे २१ मे.

आता तू म्हणशील, मग आजच भर की बाबा. अगं, सोमवारपासून कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी. आज शेवटचा दिवस, रोख खिडकीवर मुंगीला शिरायला जागा नाही. आणि शेवटची तारीख सुट्टीत पडली की ती कोर्ट उघडेल त्या दिवशी जाते, हे काल वकील झालेलं पोरगंही सांगेल. कोर्ट उघडतंय ७ जूनला. सावकाश भरू. एकतीस वर्षं वकीलसाहेबांकडे कारकुनी केली, एक तारीख चुकलेली नाही. अख्खं आवार मला तारीखमास्तर म्हणतं ते काय उगाच?

तू हे काम माझ्याकडे दिलंस. दुसरं कुणी नव्हतं म्हणून दिलं असशील, पण मला बरं वाटलं.

तुझा भाऊ


२० मे

ताई,

काल तुझ्या दुकानात गेलो होतो. पडलीस का खुर्चीवरून?

कारागिराने मला ओळखलं, पण ओळख दिली नाही. 'काय हवंय?' म्हणाला, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. मी म्हटलं, मालकिणीचा भाऊ. तो म्हणाला, 'माहीत आहे,' आणि परत तळ तासायला लागला. बस म्हणाला नाही, मीही बसलो नाही. तुझी माणसं तुझ्यासारखीच आहेत.

भिंतभर टांगलेली लाकडी पावलं पहिल्यांदा नीट बघितली. आधी मला वाटायचं, बुटांचे साचे म्हणजे सहा नंबर, सात नंबर, आठ नंबर, संपलं. इथे दोन सारखी नाहीत. एकाची टाच आत वळलेली, एकाची बोटं एकमेकांवर चढलेली. प्रत्येकावर खडूने नंबर. कारागीर म्हणाला, ही पावलं हलवायची म्हटली तर महिनाभर नुसती उतरवायलाच लागेल, आणि एखादं जरी हरवलं तरी त्या माणसाला पुन्हा चार-पाच खेपा घालाव्या लागतील. एवढं बोलला आणि जास्त बोलल्यासारखा पाठ फिरवून कामाला लागला.

तेवढ्यात शाळेतल्या त्या बाई आल्या, डावा पाय दोन इंच आखूड असलेल्या. बुटाची टाच झिजलीय, दिवसभर फळ्यापुढे उभं राहून कंबर धरते म्हणाल्या. 'दुकान बंद होणार असं ऐकलं, खरं का?' मी म्हटलं, छे हो, कोण म्हणतं? त्या म्हणाल्या, 'जागेचा मालकच सांगत फिरतोय.' त्याच्या तोंडाला कुलूप घालायला पाहिजे.

कोर्टाचं विचारशील तर सगळं थंड. मंगळवारी एका पक्षकाराची नक्कल आणायला आवारात गेलो होतो. व्हरांड्यात कुत्रंसुद्धा नव्हतं. सुट्टी म्हणजे सुट्टी. तू काळजी करू नकोस.

बाळ दोन किलोचं झालं का?

तुझा भाऊ


८ जून

ताई,

एक अडचण आली आहे. मोठी नाही. म्हणजे आहे, पण निघेल.

काल कोर्ट उघडलं. सगळ्यांत आधी मी खिडकीवर. रोखपालाने हुकूम वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि कागद परत सरकवला. म्हणतो, 'मुदत २१ मेला संपली. सतरा दिवस उशीर. मला पैसे घेता येत नाहीत. कोर्टाचा नवा हुकूम आणा.' मी म्हटलं, सुट्टी होती ना! तर हा बाबा बोटाने भिंतीवरचा कागद दाखवतो. यंदापासून म्हणे सुट्टीतही रोख खिडकी मंगळवारी आणि शुक्रवारी उघडी. कोर्ट बंद असलं तर तारीख पुढे जाते, पण खिडकीच उघडी असेल तर कशी जाणार? आणि २१ मेला नेमका शुक्रवार.

हा नियम काढला कुणी, केव्हा, कुणाला विचारून? एकतीस वर्षांत असं झालं नाही. टीचभर कागद, तोही दाराच्या मागे चिकटवलेला. आणि हा रोखपाल म्हणजे आधीच गावाला न भिणारा माणूस. दुसरा कुणी असता तर पैसे घेऊन ठेवले असते, पुढचं पुढे बघितलं असतं. याला माणुसकी म्हणून नाही.

साहेब म्हणाले, मुदतवाढीचा अर्ज करू. कोर्टाने घातलेली मुदत कोर्टाला वाढवता येते. तू घाबरू नकोस. मालकाला मात्र कळलंय. आज सकाळी तो दुकानात येऊन टेपने भिंती मोजून गेला, असं कारागिराने फोन करून सांगितलं. त्याने मला फोन केला, याचं मला नवल वाटलं.

तुझा भाऊ


१४ जून

ताई,

सोबत एक प्रतिज्ञापत्र पाठवतो आहे. तिथल्या नोटरीसमोर सही करून उलट टपाली पाठव.

वाचून तू भडकशील, म्हणून आधीच सांगतो. मुदतवाढ मागायची तर उशीर का झाला ते शपथेवर सांगावं लागतं. साहेबांनी मला विचारलं, 'मास्तर, उशीर का झाला?' मी म्हटलं, बहीण परगावी, नातवंड काचेच्या पेटीत, पैसे यायलाच उशीर झाला. तोंडातून निघून गेलं गं. ऑफिसात दोन जुनिअर वकील बसले होते, टायपिस्ट होती, सगळ्यांसमोर काय सांगायचं होतं मी? साहेबांनी मान हलवली, टायपिस्टने टाईप केलं, आणि आता ते तुझ्या नावाने कागदावर आहे. 'मला रक्कम जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच उभी करता आली.'

यात खोटं कितीसं आहे? तू परगावी आहेस, खरं. बाळ आजारी होतं, खरं. पैसे उभे करायला त्रास पडला, खरं. एक तारीख तेवढी इकडची तिकडे. आजी नातवासाठी अडकली म्हटल्यावर कुठलाही न्यायाधीश विरघळेल. कारकून चुकला म्हटलं तर कोण विरघळणार? उलट म्हणतील, कारकुनाची चूक म्हणजे वकिलाची, वकिलाची म्हणजे पक्षकाराची, भोगा. हे मी तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.

वाटेल ते बोल मला, पण सही कर. दुकानाचा प्रश्न आहे.

तुझा भाऊ


२७ जून

ताई,

कागद परत मिळाला. सहीच्या जागी तू लिहिलंस: 'पैसे २९ एप्रिलला पोचले असं तुझंच पत्र आहे माझ्याकडे. खोटी शपथ मी घेणार नाही. दुकान जायचं तर जाऊ दे.' बाकी एक अक्षर नाही. बाळाबद्दलसुद्धा नाही.

पहिले दोन दिवस मी नुसता धुमसत होतो. म्हटलं, मोठी लागून गेली हरिश्चंद्राचा अवतार! घर जळतंय आणि ही म्हणते, पाणी सोवळ्यातलं आहे का? तुला चार पानी पत्रही लिहिलं. ते फाडलं हे बरं झालं.

तिसऱ्या दिवशी माझ्या मुलाच्या लग्नाची आठवण आली. आली म्हणजे काय, ती गेलीच कुठे होती? जिल्हा कोर्टातली मोठमोठी माणसं येणार होती, आणि मी दाजींना बाजूला घेऊन म्हटलं, 'कुणी विचारलं तर व्यापार आहे म्हणून सांगा, बुटांचं काढू नका.' दाजी हसले. 'बरं, व्यापार,' म्हणाले. तू मागेच पंगतीत बसली होतीस. ताटावरून उठलीस आणि त्यांना घेऊन गेलीस. तेव्हाही एक अक्षर बोलली नाहीस. मी म्हणत राहिलो, यात खोटं काय होतं? दुकान आहे म्हणजे व्यापारच की! दोन वर्षांनी दाजी गेले, तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून परत आलो. आत यायला तोंड नव्हतं.

तेव्हा मी त्यांच्या तोंडी खोटं घातलं, आता तुझ्या तोंडी घालत होतो. माझी लाज झाकायची, आणि पांघरूण दुसऱ्याचं ओढायचं.

काल साहेबांना सांगितलं, पैसे वेळेत आले होते, मीच भरले नाहीत. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, 'मग प्रतिज्ञापत्र तुमच्या नावाने करू. तुम्ही चुकलात असं त्यात येईल. चालेल?' मी म्हटलं, चालेल. टायपिस्टने मान वर केली नाही. सुट्टीत खिडकी बंद असते अशा समजुतीने रक्कम भरायची राहिली, असं लिहिलंय. खरं तेच लिहिलंय. म्हणजे, लिहिण्यासारखं होतं तेवढं.

सुनावणी ९ जुलैला.

भाऊ


१० जुलै

ताई,

काल सुनावणी झाली. आधी सांगतो, निकाल अजून लागलेला नाही. बाईंनी राखून ठेवलाय. न्यायाधीश बाई आहेत, कमी बोलतात, पण बोलल्या की समोरच्याला घाम फुटतो.

आधी मालकाचे वकील उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं: हुकुमातच लिहिलं होतं की रक्कम आली नाही तर अपील फेटाळलं समजावं. २१ मेच्या संध्याकाळी खिडकी बंद झाली, त्याच क्षणी अपील संपलं. आता मुदत वाढवायची तर कशाची? मेलेल्या माणसाला औषध पाजता येत नाही. आणि कोर्टाने एकदा हुकूम केल्यावर त्याचा शब्द फिरवायला लागलं, तर उद्या कोण कुठली तारीख पाळेल? माझ्या अशिलाने तीन वर्षं तारखा पाळल्यात, त्याचं काय?

ताई, खरं सांगू? त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मी स्वतः एकतीस वर्षं लोकांना हेच ऐकवत आलोय.

मग आमचे साहेब उठले. गुडघे दुखतात, टेबलाला धरून उठतात. म्हणाले, 'कायद्याने घातलेली मुदत वेगळी आणि कोर्टाने घातलेली वेगळी. अपील करायची मुदत कायद्याने घातली, ती आम्ही पाळली. पैसे भरायची मुदत या कोर्टाने घातली. ज्याने गाठ मारली त्याला ती सैल करता येते, वेळ उलटून गेल्यावरही येते. नाहीतर कोर्टाने स्वतःचेच हात बांधून घेतले असं होईल.'

बाई म्हणाल्या, 'सैल करता येईल, ते मला ठाऊक आहे. पण कशासाठी करू? मालकांचे वकील म्हणतात ते खोटं नाही. जो येईल त्याला मुदत वाढवून द्यायला लागले तर माझ्या हुकुमाला कोण विचारील?' मग त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र उलटंपालटं केलं. 'हे कारकून हजर आहेत का?'

कारकून कोर्टात बोलत नसतो, ताई. एकतीस वर्षं मी मागच्या बाकावर फायली मांडीवर घेऊन बसलोय. उभा राहिलो तर फायलीच घसरल्या. कुणीतरी हसलं.

बाई म्हणाल्या, 'सुट्टीत तुम्ही आवारात आला होतात का?'

आता तुला सांगतो, जे साहेबांनाही सांगितलं नव्हतं. मंगळवारी, १८ मेला, मी नक्कल आणायला गेलो तेव्हा खिडकी उघडी होती. मी बघितली. आत रोखपाल बसला होता, समोर रांगही नव्हती, पंख्याखाली पेन्सिलीला टोक करत होता. तुला मी लिहिलं, व्हरांड्यात कुत्रंसुद्धा नव्हतं. कुत्रं नव्हतं. रोखपाल होता.

'नव्हतो आलो' म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. नक्कल पक्षकाराच्या नावाने काढली होती. जिभेच्या टोकावर आलं होतं ते. सोपं होतं. तुझं दुकान त्या 'नाही'मध्ये वाचत होतं आणि 'हो'मध्ये बुडत होतं, निदान मला तसंच दिसत होतं. पण मग तू सहीच्या जागी लिहिलेलं आठवलं.

मी म्हटलं, 'आलो होतो.'

'खिडकी उघडी दिसली?'

'दिसली.'

'मग पैसे का नाही भरलेत?'

'त्या रोखपालाशी माझं बोलणं नव्हतं.'

अख्खं कोर्ट खदखदून हसलं. बाई हसल्या नाहीत. 'किती दिवसांपासून?'

'चार वर्षं.'

'कशावरून?'

'त्याने एकदा चारचौघांत माझी चूक काढली. कोर्ट फीच्या हिशेबात.'

'चूक होती?'

'होती.'

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, 'म्हणजे बोलावं लागू नये म्हणून तुम्ही भरले नाहीत.' मी म्हटलं, 'तसंच झालं. मनात म्हटलं, खिडकी उघडी असेना का, नियम आपल्या बाजूला आहे, ७ तारखेला भरू. तोवर तो रजेवर तरी जाईल. पण बहिणीचे पैसे २९ एप्रिललाच आले होते, बाई. तिची यात काही चूक नाही.' शेवटचं वाक्य विचारलं नव्हतं, तरी बोललो. साहेबांनी माझ्या बाहीला धरून खाली बसवलं.

मालकाचे वकील लगेच उठले. 'आता तर गैरसमजही उरला नाही. हा जाणूनबुजून केलेला हलगर्जीपणा आहे.' बाईंनी लिहून घेतलं. निकाल २३ तारखेला.

मी काही मोठं केलं असं नाही म्हणत. कदाचित तुझं दुकान बुडवलं असेल. चहाला गेलो नाही, तडक घरी आलो आणि तुला लिहायला बसलो. तू रागावशील तर निदान खऱ्या गोष्टीवर रागाव.

भाऊ


२४ जुलै

ताई,

मुदत मिळाली! काल निकाल लागला. मी हुकुमाची नक्कल काल संध्याकाळीच काढली, सोबत पाठवतोय, पण तू आधी हे वाच.

बाई लिहितात की कोर्टाने दिलेली मुदत कोर्टाला वाढवता येते, ती उलटून गेली असली तरी. अपील फेटाळलं समजावं हे शब्द पैसे वेळेत यावेत म्हणून घातले होते, कुणाला सापळ्यात पकडायला नव्हे. पण हा अधिकार झोपून राहिलेल्यासाठी वापरायचा नसतो. पक्षकार झोपली नव्हती. तिने पैसे बावीस दिवस आधी पाठवले. झोपला तो कारकून, तोही डोळे उघडे ठेवून. (हे वाक्य मी चारदा वाचलं.) दुसऱ्याच्या अहंकाराची शिक्षा तिला देणं योग्य नाही. सात दिवसांत रक्कम भरावी. मालकाला झालेल्या त्रासाचा खर्च कारकुनाने स्वतःच्या खिशातून द्यावा.

कालच भरले. खिडकीवर मी स्वतः गेलो. रोखपालाने मोजले, शिक्का मारला, पावती दिली. मी म्हटलं, 'नमस्कार.' तो म्हणाला, 'नमस्कार, मास्तर. दाराच्या मागचा तो कागद आता पुढे लावलाय.' एवढंच. चार वर्षं ज्याला भ्यालो ते एवढंसं होतं.

मालक वरच्या कोर्टात जाईन म्हणतोय. जाऊ दे. अपील जिवंत आहे, तोवर लाकडी पावलं भिंतीवरून हलत नाहीत. कारागिराला सांगायला गेलो तर त्याने हातातलं काम खाली ठेवलं आणि स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो. शाळेतल्या बाईंच्या बुटाला नवी टाच लागलीय, मंगळवारी नेणार आहेत.

आता रोज दुपारी दुकानात बसेन म्हणतो. मला वेळच वेळ आहे.

तुझा भाऊ


६ ऑगस्ट

ताई,

तुझं उत्तर नाही. टपाल उशिरा येत असेल.

मागच्या पत्रात एक लिहायचं राहिलं. राहिलं नाही, ठेवलं. साहेबांनी मला काढलं. काढलं असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, 'मास्तर, एकतीस वर्षं पुष्कळ झाली, आता घरी बसा.' चुकीबद्दल नाही काढलं. चुका होतात म्हणाले. त्यांना आधी खोटं सांगितलं आणि दुसऱ्यांदाही अर्धंच सांगितलं, ते त्यांच्या मनाला लागलं. न्यायाधीशांनी विचारल्यावर त्यांना कळलं, की त्यांच्याच प्रतिज्ञापत्रात काय नव्हतं. भर कोर्टात.

दुकानात बसतो. वही लिहितो, कोण आलं, कुठला नंबर, काय हवं. कारागीर म्हणाला, 'अक्षर चांगलं आहे.' त्याच्या तोंडून हे म्हणजे पुष्कळ झालं. परवा एक गृहस्थ आले, मला विचारतात, 'तुम्ही काय करता?' मी म्हटलं, 'बुटांच्या दुकानात असतो.' सांगितलं बघ, सहज. दाजी असते तर हसले असते.

तू येशील तेव्हा सगळं समजावून सांगेन. कधी येतेस?

तुझा भाऊ


१९ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. पहिलंच. बाळ सव्वातीन किलोचं झालं हे वाचून फार बरं वाटलं.

बाकीचंही वाचलं. तू लिहितेस, 'कोर्टात खरं बोललास ते चांगलं केलंस, पण ते बाईंनी विचारलं म्हणून बोललास. मला मात्र तू खोटा कागद पाठवलास, शांतपणे, पाकिटावर तिकीट लावून. चुकलास ते मी विसरेन. मी सही करेन असं तुला वाटलं, ते मला विसरता येत नाही. ह्यांना व्यापारी केलंस, मला खोटारडी करणार होतास. कोर्टाने मुदत दिली ती कोर्टाची. माझ्याकडून अजून मिळालेली नाही.'

मी उत्तर द्यायला बसलो होतो. माझ्या बाजूने काय म्हणता येईल ते शोधत होतो, सवयच ती. दोन मुद्देही सापडले होते. मग ते पान बाजूला ठेवलं.

तू सांगितलंस तसं केलं. दुकानाची किल्ली आज शेजारच्या शिंप्याकडे दिली. वही टेबलावर आहे, कालपर्यंतची पूर्ण आहे. पुढची तारीख १३ सप्टेंबर, साहेब स्वतः उभे राहणार आहेत, त्यांनी वकीलपत्र सोडलेलं नाही. कारागिराला सांगितलं की उद्यापासून मी येणार नाही. त्याने कारण विचारलं नाही. बाहेर रस्त्यापर्यंत सोडायला आला मात्र.

तू २८ तारखेला येते आहेस, आणि तेव्हा मी दुकानात नको, स्टेशनवर नको. नसेन. शब्द देतो, आणि हा पाळेन.

त्या दिवशी मी घरीच असेन. आता रोज घरीच असणार. दुपारी दार नुसतं लोटलेलं असतं, कडी नसते. हे आपलं सहज लिहिलं.

भाऊ